प्लॉट विकायचा, की नोकरी सोडायची?

नागपुरातल्या मानेवाडा भागातून एका ३६ वर्षांच्या बँक कर्मचारी मुलीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून ते थोडक्यात असं:

बाबा ६३ वर्षांचे, इतवारीत त्यांचं हार्डवेअरचं दुकान. जूनच्या अखेरीस त्यांना लकव्याचा झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गाठ अडकली आणि उजवी बाजू गेली. आज पाच महिन्यांनी बोलणं बरंच सुधारलं आहे, काठी घेऊन ते घरात चालतात. उजवा हात खांद्यापर्यंत उचलला जातो, मूठ वळते, मनगट आणि बोटं थोडी उघडतात, पण हात कामाला येत नाही. आई त्यांना भरवते, शर्टाची बटणं लावून देते. आठवड्यातून तीन दिवस फिजिओथेरपिस्ट पाऊण तास येतात. शेक देतात, करंट लावतात, हात हलवून देतात. डॉक्टर म्हणाले, 'जे यायचं ते पहिल्या तीन महिन्यांत येतं.' पुण्याच्या भावाने सहा लाखांचं स्टेम सेलचं, म्हणजे शरीरातल्या मूळ पेशी टोचून घेण्याचं, पॅकेज शोधलंय आणि त्यासाठी बेसा भागातला प्लॉट विकायचं म्हणतोय. आत्या म्हणते, राजस्थानातल्या बुटाटी धामला न्या, तिथे लकवा बरा होतो अशी श्रद्धा आहे. शेजारच्या काकांनी रोबोटने व्यायाम देणाऱ्या केंद्राचा पत्ता दिलाय. आणि मुलीच्या मनात नोकरी सोडून, व्हिडिओ बघून स्वतःच बाबांचे व्यायाम घ्यायचं घोळतंय. आयसीयूत पहिले चार दिवस बाबांना कुणी उठवलंही नाही, संधी तिथेच गेली का, अशी रुखरुखही तिला आहे. ती विचारते, 'यातला कोणता उपचार खरा? मुलगी म्हणून मला काहीही कमी पडू द्यायचं नाही.'

ताई,

भाऊ प्लॉट द्यायला निघालाय, तुम्ही नोकरी, आणि आईने तर स्वतःची झोप केव्हाच देऊन टाकलेली दिसते. घरातलं प्रत्येक माणूस काय सोडणार ते तुमच्या पत्रात सविस्तर आलंय. बाबांच्या हाताला मात्र दोन ओळी मिळाल्या, आणि बाबांना स्वतःला काय हवंय याला एकही नाही. टोमणा मारत नाही मी. लकवा झालेल्या बहुतेक घरांत असंच होतं. कोण किती सोसतंय यावर माया मोजली जाते, आणि मग उपचारही त्याच मापाने मोजायची सवय लागते. महाग असेल तो मोठा, त्रासाचा असेल तो खरा. मेंदूला मात्र आपण किती सोसलं ते कळत नाही. त्या हाताने आज कोणतं काम केलं आणि किती वेळा केलं, एवढंच त्याच्यापर्यंत पोचतं. गेल्या वीसेक वर्षांतलं या विषयातलं संशोधन वाचलं की मला तरी सारखं हेच दिसतं.

आधी तुमची रुखरुख. जितक्या लवकर उठवाल तितकं बरं, असं एके काळी या क्षेत्रातल्या बऱ्याच जाणत्या लोकांनाही वाटत होतं. म्हणून पाच देशांतल्या ५६ रुग्णालयांत २,१०४ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली, 'अव्हर्ट' नावाची. २०१५ मध्ये तिचे निकाल 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. निम्म्या रुग्णांना २४ तासांच्या आत आणि जास्त वेळा बिछान्याबाहेर काढलं होतं. तीन महिन्यांनी पाहिलं तर त्याच गटात चांगले सावरलेले लोक कमी निघाले. याचा अर्थ रुग्णाला आठवडाभर पडून राहू द्यावं असा कुणी काढू नये. बेतानेच, पण वारंवार हालचाल हवीच. पण आयसीयूत बीपी वरखाली होत असताना चार दिवस थांबले म्हणून बाबांचा हात गेला, असं म्हणायला काही आधार नाही. ती रुखरुख सोडून द्या. पुढे बरंच काम आहे आणि त्याला डोकं मोकळं हवं.

आता ते तीन महिने. तुमचे डॉक्टर चुकीचं बोलले असं नाही, पण निम्मंच बोलले. झटक्यानंतरचे पहिले काही महिने मेंदू नवे रस्ते जोडायला जास्त तयार असतो, हे खरं आहे. अमेरिकेत ७२ रुग्णांवर एक चाचणी झाली, २०२१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. नेहमीच्या उपचारांवर वीस तासांचा जादा सराव कुणाला पहिल्या महिन्यात दिला, कुणाला दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, कुणाला सहा महिने उलटल्यावर. सगळ्यांत जास्त फायदा झाला दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातल्या लोकांना. तेव्हा वेळेला किंमत आहेच. पण सहा महिन्यांनंतर दिलेल्या वीस तासांनी फार काही हललं नाही याचा अर्थ दार बंद झालं, असा होतो का? लंडनच्या क्वीन स्क्वेअरमध्ये हातासाठीच एक कार्यक्रम चालतो, तीन आठवड्यांत ९० तास. तिथे आलेल्या २२४ जणांचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यातल्या निम्म्या लोकांना झटका येऊन दीड वर्षाहून जास्त काळ लोटला होता. तरी हात सुधारले, आणि सहा महिन्यांनी पाहिलं तेव्हाही ती सुधारणा टिकून होती. या अभ्यासात तुलनेला दुसरा गट नव्हता, एवढं ध्यानात ठेवून तो वाचायचा. पण पाचव्या महिन्यात हात टेकायला तो नक्कीच सांगत नाही. उशिरा सुरू करणाऱ्याला सराव जास्त लागतो, असा माझा त्यातून निघणारा अर्थ.

मग किती सराव? हा प्रश्न घरोघरी सुटून जातो, म्हणून जरा थांबून सांगते. अमेरिका आणि कॅनडातल्या फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीच्या (रोजची कामं पुन्हा शिकवणाऱ्या उपचाराच्या) सत्रांत काही संशोधक नुसते मोजत बसले होते. २००९ साली त्यांनी सांगितलं की ज्या सत्रात हातावर काम होतं, त्यात लकवाग्रस्त हाताच्या उपयोगी हालचाली सरासरी ३२ होतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसायला दिवसाला शेकडो हालचाली लागल्या होत्या. तिकडे ही स्थिती, तर आपल्याकडच्या पाऊण तासात काय होत असेल? शेकाला पंधरा मिनिटं, करंटला पंधरा मिनिटं, उरलेल्या वेळात फिजिओ स्वतः हात हलवून देणार. शेकाने बरं वाटतं, आखडलेपणा जरा सैल होतो. करंटचाही उपयोग होतो, विशेषतः रुग्ण त्याच वेळी स्वतः जोर लावून हात उघडायचा प्रयत्न करत असेल तर. पण दुसऱ्याने हलवलेला हात सांधा मोकळा ठेवतो, काम शिकत नाही. काम शिकायला बाबांनी स्वतः धडपडायला हवं, चुकायला हवं, घाम गाळायला हवा.

तेव्हा फिजिओथेरपिस्टना काढू नका. पुढच्या वेळी चहा देताना सरळ विचारा: 'या पाऊण तासात बाबा स्वतः हाताने काय करतील, आणि पुढच्या वेळेपर्यंत आम्ही रोज काय करून घ्यायचं?' चांगल्या माणसाला हा प्रश्न आवडतो. राग आला तर तेही एक उत्तरच समजा. आणि त्यांना एक खास गोष्ट विचारा. तुम्ही लिहिलंय की मनगट आणि बोटं थोडी उघडतात. पत्रातला मला सगळ्यात मोलाचा वाटलेला तपशील तोच आहे, तुम्ही मात्र तो जाता जाता लिहून गेलात.

कारण हातासाठीची जी पद्धत सगळ्यात नीट तपासली गेली आहे, तिची अट नेमकी एवढीच आहे: मनगट आणि बोटं थोडी तरी, दहा-वीस अंश, स्वतःहून उघडता यायला हवीत. पद्धत अशी, की चांगल्या हाताला जाड हातमोजा घालायचा आणि लकव्याच्या हातालाच काम करायला लावायचं. 'एक्साइट' नावाच्या चाचणीत, २००६ साली, झटका येऊन तीन ते नऊ महिने झालेले २२२ लोक घेतले होते. तुमचे बाबा आज नेमके त्याच काळात आहेत. दोन आठवडे, जागेपणीचा ९० टक्के वेळ चांगल्या हातावर मोजा, आणि कामाच्या दिवशी सहा तासांपर्यंत सराव. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा यांचे हात जास्त सुधारले आणि वर्षभराने पाहिलं तरी तो फरक टिकला होता.

यामागचा विचार एडवर्ड टाउब या मानसशास्त्रज्ञाचा. माकडांवरच्या प्रयोगांत त्याला दिसलं की संवेदना गेलेला हात माकड वापरायचं सोडून देतं. सुरुवातीला प्रयत्न फसतात, दुसऱ्या हाताने पटकन जमतं, आणि 'हा हात वापरायचा नाही' हीच सवय पक्की होते. नंतर हातात थोडी ताकद परत आली तरी तो वापरला जात नाही. माणसांतही हे घडतं. आणि आपल्याकडे तर त्या सवयीला अख्खं घर हातभार लावतं.

इथे तुमच्या आईंचा विषय काढावा लागतो, आणि तो तुम्हीच हळुवारपणे त्यांच्यापाशी काढा. त्या भरवतात, बटणं लावतात, पाण्याचा गडू ओठांशी धरतात. पाच महिने एका बाईने हे केलंय, तिच्या मायेबद्दल शंका नाही. पण दिवसभरात बाबांच्या उजव्या हाताला जेवढी कामं मिळू शकली असती, त्यातली बहुतेक आईंचे हात करून टाकतात. त्यांना 'करू नका' म्हटलंत तर त्यांना वाटेल माझी सेवाच नकोशी झाली. त्यापेक्षा कामं वाटून द्या. सकाळच्या पोह्यांचे पहिले पाच घास बाबा उजव्या हाताने खातील, सांडलं तर सांडलं, त्यापुढे आई भरवतील. शर्टाची खालची दोन बटणं बाबांची, बाकीची आईंची. घड्याळ बघून दहा मिनिटं थांबायचं आणि मध्ये हात घालायचा नाही, एवढंच आईंचं काम. सेवा करण्यापेक्षा नुसतं बसून बघणं त्यांना जास्त जड जाईल, हे तुम्हाला आधीच सांगून ठेवते.

मोज्याचा प्रयोग मात्र घरच्या घरी स्वतःच्या मनाने सुरू करू नका. काठी डाव्या हातात असते. तो हात बांधून बाबा चालायला लागले आणि पडले, तर खुबा मोडून बसतील. चालताना, जिन्यावर, न्हाणीघरात मोजा कधीच नाही. रोज दोन-तीन तासांची सौम्य पद्धतही वापरतात, ती फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या देखरेखीखाली जमण्यासारखी आहे. ऑक्युपेशनल थेरपी हे नाव नागपुरात अजून पुष्कळांच्या कानावरून गेलेलं नाही. गंमत बघा, आपल्याच मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, तुमच्या मानेवाड्यापासून हाकेच्या अंतरावर, या विषयाचं सरकारी शिक्षण आणि केंद्र आहे. हाताची बारीक कामं, जेवण, कपडे, लिहिणं, दुकानातलं काम, हे सगळं त्यांचंच क्षेत्र. सहा लाखांच्या पॅकेजची चौकशी करण्याआधी मेडिकलची एक चिठ्ठी काढा. रांग असेल, बाकडं मोडकं असेल, तरी काढा.

सरावाला सामान कुठून आणायचं, तर ते तुमच्या इतवारीच्या दुकानातच पडलंय. रबरी चेंडू दाबत बसायला मोठ्या माणसाला कंटाळा येतो, आणि कंटाळलेला माणूस दहाच्या वर आकडा जाऊ देत नाही. बाबांनी आयुष्यभर नट-बोल्ट हाताळलेत. पाइपचे एल्बो आणि टी एका डब्यातून उचलून दुसऱ्यात टाकू द्या, आधी मोठे, मग लहान. मोठे कब्जे उघडायचे-मिटायचे. पाऊण इंची बोल्टवर नट दोन आटे चढवायचा, मग उतरवायचा. वायसर मापाप्रमाणे वेगळे करायचे. खिळे आणि पत्र्याचे तुकडे नकोत, कारण त्या हाताला टोचलेलं कदाचित कळणार नाही. आता थंडीत तुरीच्या शेंगा येतीलच. शेंग सोलून दाणा वाटीत टाकायचा, यात चिमूट आहे, पीळ आहे, सोडणं आहे, आणि शेवटी सोले भाजीत पडतात. फल्लीदाणे निवडणं तेच. वाटी उजव्या बाजूला, जरा लांब ठेवायची, म्हणजे खांदाही कामाला लागतो. आकडा एका वहीत लिहा, खातेवहीसारखा, आणि लिहिणार बाबाच, हवं तर डाव्या हाताने. आज साठ, उद्या सत्तर. दोनशेच्या पुढे गेले की काम अवघड करा, आकडा आपोआप खाली येईल, येऊ द्या.

आकड्याच्याही मागे वेड लागू देऊ नका, हे लागलीच सांगते. पुनरावृत्ती वाढवली की सुधारणा त्याच हिशेबाने वाढते का, हेही तपासून झालं आहे. झटका येऊन बराच काळ झालेल्या ८५ लोकांना निरनिराळ्या संख्येने सराव दिला, ३,२०० पासून ९,६०० पर्यंत आणि त्याहूनही जास्त. २०१६ साली निकाल आला तेव्हा जास्तवाल्यांना जास्त फायदा झाल्याचं दिसलं नाही. म्हणजे बत्तीसवर थांबणं कमीच, पण दहा हजारांची माळ जपल्याने हात येईल असंही नाही. काम बाबांच्या कुवतीच्या जरा वर असावं, त्यात त्यांचं लक्ष असावं, आणि रोज व्हावं. खांदा दुखायला लागला तर त्याच दिवशी थांबून फिजिओंना दाखवायचं. आणि उठवताना, बसवताना कुणीही बाबांचा उजवा हात धरून ओढायचा नाही. लकव्यात खांद्याचे स्नायू सैल झालेले असतात, एका हिसक्याने सांधा निखळू शकतो आणि मग दुखण्यामुळे सराव बंद पडतो. बंगईवर बसतानाही उशीचा आधार असू द्या, हात लोंबकळता नको.

आता तुमची नोकरी. ती सोडू नका, आणि हे मी तुमच्या करिअरच्या काळजीने नाही, बाबांच्याच बाजूने बोलतेय. घरच्या माणसाला शिकवून त्याच्याकडूनच पुनर्वसन करून घेतलं तर चालेल का, हा प्रश्न भारतातच विचारला गेला. कारण आपल्याकडे थेरपिस्ट कमी आणि घरची माणसं भरपूर. 'अटेंड' नावाची ही चाचणी १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झाली आणि २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. एका गटाच्या नातेवाइकांना रुग्णालयात आणि नंतर घरी शिकवलं, दुसऱ्या गटाला नेहमीचीच काळजी. सहा महिन्यांनी मरण पावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचं प्रमाण दोन्हीकडे ४७ टक्के. काडीचाही फरक नाही. सगळ्यांनाच हा निकाल हवा होता त्याच्या उलट लागला. मला यातून एवढंच दिसतं की लेकीचा जीव कितीही तळमळला तरी थोड्याशा शिकवणीवर ती थेरपिस्टची जागा भरून काढू शकत नाही, आणि व्हिडिओवर तर नाहीच. घरच्यांचं काम थेरपिस्टने ठरवलेला सराव रोज घडवून आणायचं. त्याला सकाळी बँकेत जाण्याआधीचा अर्धा तास आणि संध्याकाळचा एक तास पुरतो. तुमचा पगार मात्र फिजिओंचे तीन दिवस पाच करू शकतो. शिवाय तुम्ही घरी बसलात तर आईसारखाच तुमचाही हात बटणाकडे जाईल.

रोबोटबद्दल थोडक्यात. ब्रिटनमध्ये ७७० लोकांवर त्याची चाचणी झाली, आठवड्यातून तीनदा, ४५ मिनिटं, बारा आठवडे. २०१९ चा निकाल असा की नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत हाताच्या कामात सुधारणा जास्त झाली नाही. चालण्यासाठी दोरीने तोलून धरून ट्रेडमिलवर चालवतात, त्याचीही ४०८ लोकांवर तुलना झाली. फिजिओथेरपिस्टने घरी येऊन घेतलेले ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम त्याच्या तोडीस तोड ठरले. यंत्र वाईट असतं असं नाही, बाबांना त्यात मजा येत असेल आणि परवडत असेल तर हरकत नाही. पण त्याच्यासाठी कर्ज काढू नये.

स्टेम सेलवर जरा जास्त बोलावं लागेल, कारण प्लॉट तिथे अडकलाय. तुमच्या भावाला मूर्ख समजू नका. तो लांब आहे, रोज बाबांचा हात बघत नाही, आणि लांबच्या माणसाला पैसाच पाठवता येतो. त्याला ही माहिती द्या. स्वतःच्या अस्थिमज्जेतल्या पेशी शिरेतून देण्याची चाचणी आपल्याच देशातल्या पाच केंद्रांत १२० लकव्याच्या रुग्णांवर झाली होती, निकाल २०१४ मध्ये आला. पेशी देणं सुरक्षित दिसलं, पण सहा महिन्यांनी पेशी घेतलेले आणि न घेतलेले यांच्यात फरक दिसला नाही. त्यांना तर या पेशी झटक्यानंतरच्या पहिल्या महिन्याभरातच दिल्या होत्या, पाचव्या महिन्यात नाही. जगभर यावर संशोधन चालू आहे आणि उद्या काही निघेलही. पण आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: रक्ताच्या आजारांसारख्या मान्य उपयोगांखेरीज स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच द्यायच्या, उपचार म्हणून विकायच्या नाहीत. भावाला सांगा, त्या केंद्राला दोन प्रश्न विचार: भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत, म्हणजे उपचारांच्या चाचण्यांच्या नोंदवहीत, तुमची नोंद कोणत्या क्रमांकाने आहे, आणि हा प्रयोग असेल तर आमच्याकडून पैसे कशाचे? उत्तरात बरे झालेल्या रुग्णांचे व्हिडिओ आले तर फोन ठेवून दे म्हणावं. व्हिडिओतला माणूस सराव किती करत होता, ते तिथे कुणी सांगत नाही.

आत्याबाईंचं बुटाटी. श्रद्धेच्या गोष्टीत मी पडत नाही. बाबांची स्वतःची इच्छा असेल तर बीपी स्थिर असताना, डॉक्टरांना विचारून, जाऊन या. बीपीची आणि रक्त पातळ ठेवण्याची गोळी एक दिवसही चुकता कामा नये, कारण दुसरा झटका बऱ्याचदा पहिल्यापेक्षा जास्त घेऊन जातो. कबुतराचं रक्त चोळायला सांगणारं कुणी ना कुणी भेटेलच, त्यांना नमस्कार करून पुढे व्हायचं.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, म्हणून विचारते. बाबा हसतात का? लकव्यानंतर तिघांतल्या एकाला नैराश्य गाठतं. ते बऱ्याचदा 'आळशी झालेत, व्यायामच करत नाहीत' अशा तक्रारीच्या रूपात घरात वावरतं. झोप उडाली असेल, जेवणावरून मन उडालं असेल, दुकानाचा विषय काढला तरी तोंड फिरवत असतील, तर डॉक्टरांना सांगा. त्याला औषध आहे. मात्र फ्लुओक्सेटिन ही नैराश्याची गोळी हात चालू करते, असा संदेश फिरतोय, त्यावर जाऊ नका. २०११ च्या एका छोट्या चाचणीने तशी आशा दाखवली होती. २०१८ मध्ये ३,१२७ रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत ती टिकली नाही, उलट हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं. नैराश्यासाठी गोळी द्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतील, हाताच्या आशेने मागू नका.

आणि बाबांना विचारा. सगळे बसलेले असताना नको, एकट्यात. 'बाबा, या हाताने पहिलं काय करावंसं वाटतं?' तुम्हाला वाटत असेल ते म्हणतील सही करायची आहे, गल्ल्यावर बसायचंय. कदाचित ते म्हणतील, मला स्वतःच्या हाताने धुता आलं पाहिजे, बायकोकडून ते करून घेताना लाज वाटते. उत्तर काहीही असो, पुढच्या सहा आठवड्यांचा सराव त्याच्याभोवती बांधायला थेरपिस्टना सांगा. सुरुवातीच्या दिवशी बाबांचा ते काम करतानाचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा आणि सहा आठवड्यांनी पुन्हा काढा. रोज बघणाऱ्याला बदल दिसत नाही, भावाला मात्र दोन व्हिडिओ शेजारी ठेवून दाखवता येतात. तोपर्यंत प्लॉटचा विषय बंद. पैसे पाठवायचेच असतील तर भावाने फिजिओंच्या जादा दिवसांचे द्यावेत, आणि आईंना आठवड्यातून दोन दुपारी सुट्टी मिळेल एवढी एखादी मदतनीस बाई लावून द्यावी.

सहा आठवड्यांनी व्हिडिओत काहीच बदल दिसला नाही, तर काय? तर मेंदूविकारतज्ज्ञांना विचारा की बोटं आखडण्याचं प्रमाण जास्त आहे का. आखडलेपणासाठी बोट्युलिनमचं इंजेक्शन असतं. त्याने मूठ सैल होते, हात धुणं, बाही घालणं सोपं होतं, दुखणं कमी होतं. हात कामाला लावायचं काम मात्र ते करत नाही, हे आधी समजून घेऊन मगच खर्च करा. आणि दुसरीकडे डाव्या हाताची तयारी आत्तापासूनच चालू ठेवा. रोज ठरलेल्या सरावाच्या वेळी उजवा, बाकी वेळी डाव्याने बिलं लिहायची, मोबाइलवर हिशेब करायचा. बँकेतली सही बदलण्याचा अर्ज कसा करायचा ते तर तुम्हालाच ठाऊक आहे, तो भरून ठेवा. आणि त्यांना आठवड्यातून एकदा तासभर दुकानात नेऊन बसवायला उजव्या हाताची वाट बघायची काही गरज नाही. इतवारीत गाडी लावायला जागा नसते, म्हणून सकाळी शटर उघडायच्या वेळेलाच जा.